न खाल्लेल्या खरवसाच्या सुया

मी एक टी-पेशी बोलतेय. सौंसरच्या प्राथमिक शाळेतल्या विजयाबाईंच्या अंगात राहते. हळू बोलते, जरा समजून घ्या. वय झालंय. आज या गाठीत तर उद्या त्या गाठीत अशी पडून असते, आणि कुणी मला काही विचारत नाही तेच बरं आहे. एकदा विचारलं होतं, तर या बाईचे दोन्ही पाय गेले.

जगासाठी त्या विजयाबाई. मी त्यांना त्या आठ वर्षांच्या होत्या तेव्हापासून ओळखते, म्हणून मी विजयाच म्हणणार. रक्तातून फिरताना कानामागच्या बारीक नळ्यांतून जावं लागतं. तिथे बाहेरचं सगळं ऐकू येतं. घरात कोण काय बोललं, शाळेत कोण रडलं, मला सगळं ठाऊक असतं. बोलता मात्र येत नाही. तुमच्याशी बोलतेय हेच खूप झालं.

माझा जन्म पांढुर्ण्याचा. विजयाच्या मांडीच्या हाडातल्या मज्जेत माझी घडण सुरू झाली, आणि तिथून मला छातीच्या हाडामागे पाठवलं. तिथे थायमस नावाची एक ग्रंथी असते. ती आमची शाळा. अहो, काय शाळा ती! शंभर जणी आत जातात आणि चार-पाच जिवंत बाहेर पडतात.

या शाळेत आम्हाला हात मिळतो. पुस्तकात त्याला ग्राही म्हणतात, मी हातच म्हणते. माझ्या अंगभर असे हजारो हात आहेत, पण सगळे एकाच मापाचे. ते माप कुणी विचार करून देत नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं जे हाती येईल ते. कुणाचा हात देवीच्या रोगजंतूला धरतो, कुणाचा क्षयाच्या, कुणाचा कशालाच धरत नाही. आणि एकदा मिळालेला हात जन्मात बदलत नाही. हे ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

हात मिळाला की परीक्षा. तिथले मास्तर विजयाच्याच अंगातले बारीक बारीक तुकडे समोर धरतात. हे तिच्या यकृतातलं, हे तिच्या कातडीतलं, हे तिच्या रक्तातलं. जिचा हात त्या तुकड्याला घट्ट धरतो ती नापास, आणि नापास म्हणजे मरण. जी घरच्यावरच हात टाकते तिला बाहेर सोडून कसं चालेल? मी एकाही तुकड्याला धरलं नाही. पास झाले. मोठ्या तोऱ्यात बाहेर पडले.

त्या मास्तरांनी एक गोष्ट नीट दाखवलीच नव्हती. विजेच्या तारेवर जसं रबर असतं तसं मज्जातंतूंवर एक पांघरूण असतं. मेंदूत आणि पाठीच्या कण्यात ते भरपूर, पण त्या शाळेत त्याचा तुकडा फारसा येतच नव्हता. आणि माझा हात नेमका त्याच मापाचा होता. मला काय माहीत? मास्तरांना माहीत नव्हतं, तिथे मी कोण?

त्याच वर्षीची एक आठवण आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, दोन काठांवरच्या गावांची दगडफेकीची जत्रा. विजयाचे वडील पांढुर्ण्याच्या काठावर आणि तिचा सख्खा मामा सावरगावचा, म्हणून तो पलीकडे. दोघेही दगड फेकत होते. विजया शेजारच्यांच्या माडीवरून पाहत होती, आणि तिचं काळीज इतकं उडत होतं की आम्ही सगळ्या नळ्यांमधून धडाधड ढकलल्या जात होतो. तिनं आईला विचारलं, “बाबा मामाले काऊन मारून राहिले?” आई म्हणाली, “आज तो मामा नसते बाई. आज तो पलीकडचा असते.” संध्याकाळी मामा कपाळाला पट्टी बांधून त्यांच्याच घरी जेवायला आला. बाबांनी त्याला आग्रह करकरून वाढलं. मला तेव्हा या माणसांचं हसू आलं होतं.

पुढची वीस वर्षं मी काही केलं नाही. रक्तातून फिरायचं, गाठीत थांबायचं, कुणी तुकडा आणून दाखवला की हात लावून पाहायचा, बसत नाही म्हणून पुढे जायचं. मधल्या काळात मी किती वेळा मेले आणि माझ्याच लेकीच्या रूपात त्याच हातानिशी उरले, त्याचा हिशेब नाही. आमच्यात आई-लेक वेगळी धरत नाहीत. विजया शिकली, मास्तरीण झाली, लग्न होऊन सौंसरला आली. नवरा रवींद्र तहसील कचेरीत बाबू. शांत माणूस, जेवताना वर्तमानपत्र वाचायची खोड, बाकी तक्रार नाही.

शेजारी केसरबाई राहायच्या. साठीला आलेल्या, विधवा, आवाज असा की हाक गल्लीच्या एका टोकाला मारली तर दुसऱ्या टोकाची सून डोक्यावर पदर घ्यायची. दारात एक म्हैस. तिचं दूध साऱ्या गल्लीत जायचं. विजयावर केसरबाईंचा जीव होता, आणि विजयाला त्यांचा धाकही होता. दोन्ही एकदम असू शकतं.

विजयाचा एक स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तिला नाही म्हणता येत नाही. वर्गात चाळीस पोरांना धाकात ठेवणारी बाई, पण कुणी घरी काही आणून दिलं की आवडो न आवडो, “छान होतं हो” म्हणणारच. आपल्याकडे सगळेच म्हणतात. वाटी रिकामी परत करायची नसते आणि शब्दही रिकामा परत करायचा नसतो.

पंच्याऐंशी सालचा फेब्रुवारी. केसरबाईंची म्हैस व्याली. पहिल्या चिकाचा खरवस झाला आणि गल्लीत घरोघरी वाट्या फिरल्या. विजयाची वाटी केसरबाई स्वतः घेऊन आल्या. देताना म्हणाल्या की सांडू नको हो पोरी, चीक मातीत सांडला तर म्हशीले बाधते.

आता गंमत बघा. विजयाला लहानपणापासून चिकाचा वास सहन होत नाही. रवींद्र निवडणुकीच्या याद्यांच्या कामाला लोधीखेड्याला गेलेला, नाहीतर त्यानं दोन्ही वाटे संपवले असते. वाटी एक दिवस तशीच झाकून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीत कुणी नाही असं बघून, तिनं तो खरवस मागच्या नालीत टाकला. वर तांब्याभर पाणी ओतलं. वाटी घासली, त्यात साखर भरली आणि केसरबाईंना नेऊन दिली. म्हणाली, “लय गोड होता काकू.”

मी साक्षीला आहे. तिच्या पोटात त्या खरवसाचा कणही गेला नाही.

आठ-दहा दिवसांनी म्हैस बिघडली. आधी चारा सोडला, मग तोंडातून लाळ, मग नुसतं हंबरणं. खुंट्याला धडका द्यायची. गुरांचा डॉक्टर मोहगावहून आला, दुरूनच बघून म्हणाला की हिला पिसाळलेला कुत्रा चावलेला असणार, दीड-दोन महिन्यांपूर्वी. तेव्हा कुणाला तरी आठवलं की संक्रांतीच्या सुमारास एक लाल कुत्रा गोठ्यात शिरला होता. चौथ्या दिवशी म्हैस मेली.

केसरबाई रडल्या, पण थोडंच. त्यांना दुसरीच धास्ती बसली. आपल्या हातानं साऱ्या गल्लीला त्या म्हशीचा खरवस चारला! त्या दिवशी त्या दारोदार फिरल्या. कुणी खाल्ला, किती खाल्ला, लेकरांना दिला का, सगळं विचारलं आणि सगळ्यांना सांगितलं की उद्या दहा वाजता सरकारी दवाखान्यात चला, बेंबीभोवतीच्या चौदा सुया घ्या. शिजलेल्या खरवसानं काही होत नसतं. हे दवाखान्यात कुणी म्हणालंही, पण इतकी घाबरलेली माणसं दारात उभी असली की सुई देणं सोपं जातं.

विजयाच्या दारात येऊन त्यांनी विचारलंही नाही. त्यांना माहीतच होतं, लय गोड होता. त्या फक्त एवढं म्हणाल्या की माह्या हातानं हे झालं पोरी, तू उद्या चल.

तेव्हा तिनं सांगायला हवं होतं. अगदी तोंडावर आलं होतं. पण काय सांगणार? नालीत टाकला? चीक मातीत सांडला की म्हशीला बाधतं म्हणणाऱ्या बाईला, तिची म्हैस मेली त्याच दिवशी? शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटत होतं की म्हैस आपल्यामुळेच गेली असली तर? मग तिनं गप्प राहून चौदा सुया घ्यायचं ठरवलं. सुया घेतल्या की फिटून जाईल, असं काहीतरी.

रोज सकाळी दहाला गल्लीची वरात दवाखान्याकडे निघायची. तेवीस माणसं, पुढे केसरबाई. कंपाउंडर अनिलबाबू काचेची मोठी सिरिंज उकळत्या पाण्यातून काढायचे. परत येताना बायका एकमेकींना विचारायच्या, आज कुठल्या बाजूला दिली, दुखलं का. कुणी चुकवू नये म्हणून केसरबाई डोकी मोजायच्या.

त्या सुईत काय होतं? त्या काळी ती लस मेंढीच्या मेंदूत वाढवायचे. जंतू मारून टाकायचे, पण मेंढीचा मेंदू लसीत यायचाच. त्या लसीनं किती जणांचे जीव वाचवले, मला तिला नावं ठेवायची नाहीत. पण मेंढीच्या मज्जातंतूंवरचं पांघरूण आणि माणसाच्या मज्जातंतूंवरचं पांघरूण यांत फार फरक नसतो. हजारो माणसांना त्यानं काही होत नाही. एखाद्याच्या अंगात माझ्यासारखी कुणी तरी बसलेली असते.

पाचव्या-सहाव्या सुईची गोष्ट. मी जांघेतल्या गाठीत होते. पोटाच्या कातडीतून एक हरकारी, म्हणजे बातमी पोचवणारी, पेशी धावत आली, हातात एक तुकडा. आमच्यात नुसती ओळख पटून चालत नाही, धोक्याची आरोळीही लागते. ती आरोळी देतच आली होती. रोज रोज सुई, रोज सूज, अंगाला वाटलं मोठी धाड पडलीय. तिनं तुकडा माझ्यापुढे धरला. मी सवयीनं हात लावला.

आणि तो बसला.

वीस वर्षांत पहिल्यांदा! काय वाटलं सांगू? इतकी वर्षं ज्या मापाचा हात घेऊन फुकट फिरले, त्या मापाचं काहीतरी जगात होतं. मला आनंद झाला हो. खोटं कशाला बोलू. मी फुगले, एकीच्या दोन झाले, दोनाच्या चार, चार दिवसांत हजारो. रोज दहा वाजता नवी सुई, नवा तुकडा, नवी आरोळी. आम्ही निघालो शत्रू शोधायला.

मेंदू आणि कण्याच्या रक्तवाहिन्यांची भिंत पक्की असते. रिकामटेकड्या पेशींना ती आत घेत नाही. आम्ही आता रिकामटेकड्या नव्हतो. भिंतीतून अंग चोरून आत शिरलो, पाठीच्या कण्यात. तिथल्या राखणदार पेशींनी एक तुकडा दाखवला. तोच! पुढे गेलो, पुन्हा तोच. आम्ही आरोळी ठोकली, अरे इथे तर जिकडे तिकडे मेंढीच आहे. मागून गिळणाऱ्या पेशी आल्या आणि त्यांनी पांघरूण ओरबाडायला सुरुवात केली.

ती मेंढी नव्हती, ती विजया होती.

अकराव्या सुईच्या दिवशी ती शाळेतून घरी आली तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठे तरी निघून पडली आणि तिला कळलंच नाही. पायांना मुंग्या, पाठीत कळ. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडले आणि ती जमिनीवर बसली ती बसलीच. लघवीही बंद झाली. केसरबाईंनी तिला दहा वाजता न्यायला म्हणून हाक मारली, तर रवींद्रनं दार उघडलं. त्याचा चेहरा बघूनच त्या आत धावल्या.

सौंसरच्या डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हणून सांगितलं. संत्री पोचवायला निघालेली एक मेटाडोर मिळाली. पेट्या बाजूला सारून गादी टाकली. रवींद्र उशाशी, केसरबाई पायांशी. साऱ्या वाटेत त्या तिचे तळवे चोळत होत्या. विजयाला ते दिसत होतं, लागत मात्र नव्हतं. बारावी सुईही बर्फात घालून बरोबर घेतली होती. चौदा म्हणजे चौदा, मधेच सोडली तर घात होतो, असं साऱ्या गल्लीनं बजावलं होतं.

नागपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी पायांवर छोटी हातोडी मारून पाहिली, टाचणी टोचून पाहिली. मग सरळ बोलल्या.

“दोनच गोष्टी असू शकतात. एक, म्हशीचा रोग यांच्या अंगात आलाय, कधी कधी तो असा पायांपासून सुरू होतो. दुसरी, सुईमुळेच हे झालंय. पहिली असेल तर मी सुया थांबवू शकत नाही. दुसरी असेल तर एकही सुई आणखी देऊ शकत नाही, दिली तर हे वर छातीपर्यंत चढेल आणि श्वास बंद होईल. यांच्या पोटात त्या म्हशीचं नेमकं काय गेलं, ते मला सांगा.”

रवींद्र म्हणाला की मी गावाला होतो, पण वाटीभर खरवस होता म्हणतात. केसरबाई पुढे सरसावल्या. म्हणाल्या, माह्या हातानं दिला डॉक्टरीणबाई, वाटी काठोकाठ भरून. सारा खाल्ला पोरीनं. लय गोड होता म्हणे. शिवाय म्हैस बिघडेपर्यंत रोज पावशेर दूधही जायचं, ते तापवून घेतलं की कच्चं देव जाणे, असंही त्यांनी सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. नर्सला म्हणाल्या, ती सुई तयार ठेवा.

मी त्या वेळी कण्यात होते, सगळ्या हातांनी ओढत होते. मला थांबता येत नव्हतं. पण सगळं ऐकू येत होतं. एक सुई आणखी आली असती तर आमच्या आणखी लाखभर जणी झाल्या असत्या आणि आम्ही वर चढलो असतो. खरं काय ते त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. मला आणि विजयाला. मला तोंड नव्हतं.

“मी नाही खाल्ला,” विजया म्हणाली.

नर्सचा हात थांबला. रवींद्रला वाटलं तापात बडबडतेय.

“दूध मी तापवूनच घेते, दोनदा. आणि खरवस मी खाल्लाच नाही. मले चिकाचा वास सहन होत नाही. मागच्या नालीत टाकला, आणि काकूले खोटं सांगितलं.”

केसरबाईंचा हात तिच्या तळव्यांवर होता. आता तो आहे की काढला, हे तिच्या पायांना कळणार नव्हतं. तिला मान उचलून बघावं लागलं. हात नव्हता. केसरबाई पदर सावरत खोलीबाहेर निघून गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी बारावी सुई कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि शिरेतून दुसरं औषध सुरू केलं. स्टेरॉइड म्हणतात त्याला. ते आलं तसं आमच्यावर घागरीनं पाणी ओतल्यासारखं झालं. दोन दिवसांत माझ्या लाखो बहिणी मेल्या. ज्या उरल्या त्या हात खाली टाकून बसल्या. मलाही तेव्हा पहिल्यांदा आजूबाजूला बघायला उसंत मिळाली. आम्ही काय करून ठेवलं होतं ते पाहिलं. तारा उघड्या पडल्या होत्या. कुठे कुठे तार तुटलीच होती, ती आता जुळणार नव्हती. आणि मला पांढुर्ण्याची ती माडी आठवली. आज तो मामा नसते बाई, आज तो पलीकडचा असते. लहानपणी हसले होते ना, घ्या.

केसरबाई सौंसरला परत गेल्या असतील असंच सगळ्यांना वाटलं. विजया भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिला पायांपेक्षा त्या गोष्टीचं रडू येत होतं, मला तिच्या छातीतले हुंदके मोजता येत होते. त्याच दुपारी चारला केसरबाई आल्या. हातात पाण्याचा तांब्या आणि वाण्याकडून आणलेली खोबरेल तेलाची बाटली. पायांशी बसल्या, तेल तळहातावर घेतलं.

“म्हस कुत्र्यापायी मेली,” त्या म्हणाल्या. “नालीपायी नाही. मले सांगाचं होतं व पोरी. मी काय तुले खाल्लं असतं?”

केसरबाई चोळत राहिल्या. थोड्या वेळानं जरा चिडूनच म्हणाल्या की आणि लय गोड होता म्हणाली, त्यात मी गूळच विसरली होती! रवींद्रनं तोंड फिरवलं. विजया रडता रडता हसली. हसताना पोटाचे स्नायू हलले, तेवढे शाबूत होते.

तीन आठवडे दवाखाना, मग घर. दीड महिन्यानं अंगठा हलला. पावसाळ्याच्या तोंडाला ती भिंत धरून उभी राहिली. पांघरुणाचा काही भाग परत भरून येतो, काही येत नाही. आज ती काठी घेऊन शाळेत जाते, डावा पाय ओढते, फळ्यावर लिहून झालं की खुर्चीवर बसते. चप्पल पुन्हा निघून पडू नये म्हणून चांभारानं मागून पट्टा लावून दिलाय. वर्गातली पोरं तिच्या चालण्याची नक्कल करतात, तिला माहीत आहे, ती करू देते. गोटमारीच्या दिवशी माहेरी जाणं तिनं सोडलं. मला बरं वाटलं.

गल्लीतल्या बाकी बावीस जणांना काही झालं नाही.

केसरबाईंनी पुढच्या वर्षी दुसरी म्हैस आणली. ती व्याली की घरोघरी वाट्या जातात. विजयाकडेही येते, पण तिच्या वाटीत गुळाचा खडा असतो. पहिल्यांदा आणला तेव्हा म्हणाल्या होत्या की तुया वाटचा खरवस मीच खाल्ला, वाटी रिकामी कशी आणू. विजया गूळ काढून घेते, साखर भरून वाटी परत करते, आणि चवीबद्दल काही बोलत नाही.

घराच्या दारामागे तिनं एक कागद चिकटवलाय. लाल शाईनं, वर्गात फळ्यावर लिहिते तशा ठसठशीत अक्षरात लिहिलंय की मेंढीच्या मेंदूची लस मला कधीही देऊ नये. केसरबाईंना वाचता येत नाही, पण येणाऱ्याजाणाऱ्याला त्या तो कागद दाखवतात.

तिनं खोटं बोलणं सोडलं. मला काय सोडता आलं? हे मी रात्रंदिवस स्वतःला विचारते आणि थकते. माझा हात तोच आहे. मेंढी आणि विजया यांतला फरक मला तेव्हा कळला नव्हता, आजही कळत नाही. मला पश्चात्ताप होऊ शकतो, पण हाताला होत नाही. तुकडा आला, आरोळी आली, की हा पुन्हा धरणार. माझ्यासारख्या आता थोड्याच उरल्यात, पण एक पुरते. म्हणून मी झोपलेली असले तरी भीत भीत झोपते.

मागच्या महिन्यात ती वेळ आली होती. एकोणनव्वदचा ऑगस्ट. शाळेच्या आवारात एका भटक्या पिल्लाचा दात विजयाच्या बोटाला लागला, रक्त आलं, आणि दोन दिवसांत पिल्लू मेलं. आता सुई घेणं भागच होतं, यात खोटं काही नव्हतं. ती दवाखान्यात गेली, केसरबाई बरोबर. अनिलबाबूंची बदली झालेली, नवा कंपाउंडर हिंदी बोलणारा. मागे ही मोठी रांग. त्यानं सिरिंज भरली आणि म्हणाला, “लेट जाइए बहेनजी, कुछ नहीं होता.”

सगळे बघत होते. पूर्वीची विजया असती तर टेबलावर गेली असती. मी काखेतल्या गाठीत जागी होते. माझे सगळे हात आपोआप उघडले होते.

“मला ही सुई चालत नाही,” विजया म्हणाली. वर्गात बोलते त्या आवाजात, रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. “ह्यात मेंढीचा मेंदू असतो. माझ्या अंगात त्याला ओळखणारं कुणी तरी बसलंय. तिला उठवायचं नाही.”

चार वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याबद्दल बोललं. तिला म्हणाली. शिवी दिली नाही.

ती त्याच दिवशी नागपूरला गेली. आता मेंदू नसलेली नवी लस मिळते, महाग असते, पण मिळते. ती दंडात घेतली. काखेतल्या गाठीत हरकारी पेशी धावत आली, आरोळी देत, तुकडा पुढे धरून. मी हात लावला. बसला नाही. माझ्या शेजारणीला बसला, ती उठून कामाला लागली. मी पुन्हा पडले.

तुम्हाला कुत्रा चावला तर सुई घ्या बाबांनो, हयगय करू नका. पण कुणी विचारलं की काय खाल्लं, तर खरं सांगा. माझ्यासारखी एखादी तुमच्या अंगातही झोपलेली असेल, तिला कशाला त्रास?

आणि विजया, तुला ऐकू जात नाही तरी सांगते. दारामागचा तो कागद राहू दे. शाई पुसट झाली की पुन्हा गिरव. माझा काही भरवसा नाही.